खालचा सूर

वांगेलकाका छपरांवर दगडी फरश्या बसवायचे. आमच्या दक्षिण अल्बानियात छपरं दगडाची. सीमेपलीकडे ग्रीसमध्येही तशीच, म्हणून त्यांना काम दोन्हीकडे मिळे. त्यांची आई ग्रीक, बाप अल्बानियन. शिव्या ते दोन्ही भाषांत देत.

साहित्याची पदवी घेऊन मी गावी परतले तेव्हा म्हणाले, "शिकलीस ना? आता गप्प बसून सूर धरायला शीक."

आमच्याकडे एक जण गाणं उचलतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि बाकीचे खाली एकच सूर धरून ठेवतात. तो तुटला की गाणं पडतं. शेजारचे बायराम अल्बानियनमध्ये गाणं उचलत. काकांचे मामेभाऊ लेफ्तेर पलीकडून येत आणि ग्रीकमध्ये उत्तर देत. गाव रिकामं होत गेलं तसे खाली काका आणि मी दोघंच उरलो.

"मी श्वास घेईन तेव्हा तू घेऊ नकोस," काका सांगायचे. "दोघं एकदम थांबलो तर वरचे दोघं दरीत."

गेल्या वसंतात जत्रेत आम्ही चौघं गायलो, तेव्हा कुणीतरी माईक पुढे करून विचारलं, हे गाणं मूळचं कोणाचं? बायराम म्हणाले, आमचं. लेफ्तेर म्हणाले, आमचं. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत.

काकांनी दोघांना राकी प्यायला बोलावलं. लेफ्तेर अंगणात बसले. बायराम कुंपणापाशीच उभे राहिले.

"गाढवांनो," काका म्हणाले, "निदान माझ्या मातीला तरी हे गाणं एकत्र म्हणा. मग खुशाल भांडा."

"तू आधी मर तर," बायराम म्हणाले.

"मी याच्या शेजारी उभा राहिलो तर मला गाढव म्हण," लेफ्तेर म्हणाले.

"तसंही म्हणतोच आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी दोघांचे पेले भरले. बायरामचा पेला कुंपणावर तसाच राहिला.

पानगळीत काका सीमेपलीकडच्या यानिना शहरातल्या एका छपरावरून घसरले. फरशीवर दंव होतं. मला लेफ्तेरांनी फोन केला. मी विचारलं, दुखापत किती आहे? ते म्हणाले, शवपेटी सांगितली आहे.

त्यांनीच पेटी सीमेपार आणली. सोबत पलीकडचे नातेवाईक होते. ते खड्ड्याच्या एका बाजूला उभे राहिले. बायराम आणि गावातले लोक दुसऱ्या बाजूला. पाद्री बाजूला झाला.

मग बायरामनी गाणं उचललं. त्यांच्यामागच्या माणसांनी सूर धरला. मला वाटलं, झालं. काकांच्या मनासारखं झालं.

लेफ्तेरांनी उत्तर दिलं, ग्रीकमध्ये, अगदी जिथे द्यायचं तिथेच. त्याबरोबर बायराममागची माणसं गप्प झाली. आता लेफ्तेरांच्या मागून सूर आला. बायरामनी पुढची ओळ घेतली, तशी तीही माणसं थांबली. आपला माणूस गात असेल तेवढाच सूर. दुसऱ्यासाठी कुणी धरेना.

बायराम आणि लेफ्तेर गातच होते. दोघांचीही नजर पेटीवर होती.

मी खाली सूर धरला. दोघांच्याही खाली, एकटीने. बायरामनी माझ्याकडे पाहिलं. लेफ्तेरांनीही. एक कडवं निभलं. दुसऱ्याच्या मध्यावर छाती जळायला लागली. मी सवयीने शेजारी, काकांच्या जागेकडे पाहिलं.

मग मी श्वास घेतला.

बायराम थांबले. लेफ्तेर थांबले. कुणीतरी पहिलं फावडं उचललं.