दाढ, गोळी आणि आत्यांचं नवरात्र

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्या राहात्याकडं ही जुनीच रीत. दोघांचं पटतं छान, पण एका बाबतीत दोन टोकं. मामांना जेवण घड्याळाच्या काट्यावर लागतं आणि आत्यांना उपवासाची हौस. नवरात्रात तर त्या नुसत्या लवंगेवर राहतात. सकाळी जोडलवंग, संध्याकाळी जोडलवंग, मधे पाणी, फार तर घोटभर चहा. आमचे हे तान्हे असताना तापानं फणफणले होते, तेव्हा देवीला बोललेला हा नवस. पोराला टक्कल पडायला लागलं तरी आत्यांचा नवस काही फिटेना. मी चिडवायचे आणि त्या हसायच्या.

एका वर्षी घट बसले आणि माझ्या लक्षात आलं की एरवी लवंग चावून खाणाऱ्या आत्या ती गालाआड दाबून ठेवतायत. गाल टम्म फुगलेला. विचारलं तर म्हणे, काही नाही, वारं लागलं. वारं कसलं डोंबलाचं! जबरदस्तीनं तोंड उघडायला लावलं, तर खालची दाढ किडून काळी पडलेली आणि हिरडी लालभडक. माझं डोकंच फिरलं. दुखणं अंगावर काढण्यात या बायकांना काय मोठेपणा वाटतो देव जाणे. ह्यांना गाडी काढायला लावली. मामाही मागच्या सीटवर येऊन बसले.

दाताची डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड. एक्स-रे बघून तिनं सांगितलं, दाढ वाचेल, पण रूट कॅनल करावं लागेल. आतली सडलेली नस काढायची, मुळं साफ करायची आणि दाढ भरून टाकायची. मग तिनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं दाढेला हात लावला तर आत्यांनी खुर्ची गच्च धरली. तोंडातून आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणखी एक इंजेक्शन झालं, तरी तेच. मला बघवेना.

डॉक्टरणीनं लगेच हात थांबवला. ती म्हणाली, नस इतकी सुजलीय की भूल नीट चढत नाहीये. आधी सूज उतरायची गोळी घेऊ, तासाभरानं पुन्हा इंजेक्शन देऊ, मग बहुतेक चढेल. फक्त ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, पोटात जखम होऊन रक्त येऊ शकतं. मग तिनं आत्यांना विचारलं, सकाळपासून काय खाल्लंय?

"लवंग," मीच सांगितलं.

ह्यांनी अँटिबायोटिकचं विचारून बघितलं. ती म्हणाली, त्यानं कळ थांबत नाही, दुखणं मुळाच्या आत अडकलंय. तापाची साधी गोळी रिकाम्या पोटी चालेल, पण तेवढ्यानं भागायचं नाही. पोटभर मऊ भात खाऊन या, मग बघू.

बाहेरच्या बाकावर आमची जुंपली. हे म्हणाले, आई, नवस माझ्यासाठी होता ना, मग मीच तुला मोकळी करतो. आत्यांनी मान हलवली. लेकराला काही झालं तर, एवढंच त्या पुटपुटल्या. मी तावातावानं म्हटलं, देवी आई आहे ना, मग तिला तरी तुमचे हे हाल बघवतील का? पण त्या ढिम्म हलेनात. सुजलेल्या गालाला पदर लावून बसल्या. माझा राग कधीच विरला होता, आता नुसती भीती वाटत होती. ह्या बाईला हे असं सोसत घरी परत न्यायचं की काय?

मामा उठून आत्यांच्या पुढ्यात उभे राहिले.

"उरल्यालं नवरात्र मी धरतो. तू धरतीस तसंच, लवंगेवर. घरातल्या कुनीबी धरलं तरी चालतंय."

"तुमाला न्हाई जमायचं."

"ते मी बघतो. तू जेव."

आत्या त्यांच्या तोंडाकडं बघून हो म्हणाल्या. समोरच्या खानावळीतून ह्यांनी वरणभात आणला. मामांनी तो आपल्या हातानं कालवून अगदी मऊ केला. आत्यांनी न चावता एकेक घास गिळला. ही मामांची जेवायची वेळ, पण ते शेजारी पाण्याचा तांब्या धरून बसले. मग गोळी झाली, तास गेला आणि इंजेक्शन दिलं. या वेळी भूल चढली. डॉक्टरणीनं दाढ उघडून आतला पू काढला तरी आत्या निवांत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, लई हलकं वाटतंय. पुढचं काम दसऱ्यानंतर करायचं ठरलं, तोवर जेवून गोळ्या घ्यायच्या होत्या.

घरी मात्र मामांचं कठीण होतं. आधी ते सगळ्यांवर खेकसले, माझ्यावर, गाईवर, विहिरीच्या मोटारीवरसुद्धा. मग आवाज बसला आणि खाटेवर पडून राहिले. अष्टमीला दुपारी आत्या गोळीसाठी म्हणून जेवायला बसल्या होत्या. मामा भिंतीला टेकून त्यांच्या ताटाकडं बघत होते.

"इतकी सालं तू अशी उपाशी," ते म्हणाले, "आन मी तुज्याम्होरं बसून जेवत हुतो."

"मीच वाढत हुते की," आत्या म्हणाल्या.

मामांनी टोपी काढून डोळे पुसले. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मलाही रडू आवरेना.

पुढच्या वर्षी दाढ ठणठणीत होती आणि आत्यांनी नवस परत आपल्याकडं घेतला. कुणाचं ऐकतील तर शपथ! पण तेव्हापासून नवरात्रात मामा घरात जेवत नाहीत. आत्यांना दिसू नये म्हणून भाकरी घेऊन गोठ्यात जातात. आणि आत्या कालवणाची वाटी घेऊन मागोमाग जातात, अन् ते जेवून उठेपर्यंत तिथंच बसून राहतात.