ओझं उतरवणाऱ्या आमच्या मॅडम

डॉ. विमल काळवणे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या हातातली शेकाची पिशवी खाली पडली. राजूरच्या बाजारात मी फिजिओथेरपीची एक खोली नुकतीच थाटली होती. जालन्याच्या एक प्लास्टिक सर्जन दर चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला येणार आहेत, त्या दिवशी तुमच्या खोलीत बसून पेशंट तपासले तर चालेल का, असा निरोप आला. भाजलेल्या हातापायांचे पेशंट असतील, असं समजून मी होकार दिला. मॅडम आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि मान धरून आलेल्या एका बाईंना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "छातीचं हे ओझं किती वर्षांपासून वागवताय?" आमच्याकडे हा शब्द बायका बायकांतसुद्धा कुजबुजत बोलतात. मी आधी धावत जाऊन दार लावलं आणि मग पिशवी उचलली.

मॅडम आज साठ वर्षं पूर्ण करीत आहेत. त्यांच्या पदव्या, मानसन्मान आणि जळितांवरच्या कामाबद्दल या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. माझ्या वाट्याला आले ते मॅडमचे धक्के. मी तशी सहज दचकणारी नाही, पण मॅडमच्या सहवासात एक वर्ष निर्धास्त गेलं असेल तर शपथ.

चतुर्थीचंच घ्या. मला कित्येक दिवस ती त्यांची भक्ती वाटत होती. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "धावड्याची सून 'छाती दाखवायला चालले' म्हणून घरातून निघू शकेल का? दर्शनाला चालले म्हटलं की सासू स्वतः हातात नारळ देते."

"म्हणजे देवाच्या नावावर थाप?" मी हादरून म्हटलं.

"देवाचं काही म्हणणं नसतं. त्याचंही पोट केवढं आहे बघा. ओझं म्हणजे काय, हे त्याला चांगलं कळतं."

मी मनातल्या मनात कानाला हात लावले. पण खरोखरच त्या दिवशी धावडा, केदारखेडा अशा गावांहून बायका दर्शन उरकून गुपचूप आमच्या खोलीत यायच्या.

त्यांतलीच एक कावेरी. तिचं खरं नाव मी बदललं आहे. धावड्याची ही तरुण सून, एका मुलीची आई. कापूस वेचताना दुपारनंतर तिची मान वर उचलत नसे. तपासणीसाठी तिने पोलकं काढलं आणि मी भिंतीला टेकले. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ होते, छातीखालची कातडी घामाने सोलवटली होती आणि पाठभर बिब्ब्याचे काळे डाग. बिब्ब्याचं जहाल तेल कातडी जाळतं आणि त्याबरोबर दुखणंही जातं, अशी आमच्या भागातली समजूत.

"कोणी घातले?" मॅडमनी विचारलं.

"सासूनं. त्यायला वाटलं, दुखणं निघून जाईल. त्यायचं बी काही चुकीचं नव्हतं, मॅडम. माझंच रडगाणं रोजचं."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हिला छाती लहान करण्याच्या ऑपरेशनची तारीख ताबडतोब मिळणार, असं मी धरूनच चालले होते. मॅडमनी उलट तिला घाबरवायलाच घेतलं! "पोरी, आधी वाईट ते ऐक. व्रण राहतील, फिकट होतील, पण जन्मभर राहतील. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची जाते. पुढे दुसरं लेकरू हवं असेल तर दूध कमी येईल, कदाचित येणारच नाही. थांबता येत असेल तर त्यानंतर कर. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील, असं वचन मी देत नाही. आणि काही आठवडे ना घागर उचलायची, ना पोरीला कडेवर घ्यायचं."

कावेरीने सगळं ऐकून घेतलं. "येकीवर भागलं आमचं, नवऱ्याशी बोलून झालंय. मला सरळ उभं राहून काम करायचंय, मॅडम. बाकी समदं मंजूर."

यथावकाश तपासण्या झाल्या. तंबाखू अजिबात चालणार नाही, हेही मॅडमनी बजावलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी जालन्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ येऊन बसले होते, सासूबाई गयाबाई तोंड फुगवून का होईना बाहेर बसल्या होत्या. मॅडम शेवटची तपासणी करायला आल्या आणि कावेरीच्या काळ्या हिरड्यांकडे बघत राहिल्या.

"तंबाखू बंद सांगितली होती ना?"

"मी तंबाखू खातच न्हाई, मॅडम."

"मग हे काय?"

"ही तर मिश्री. दात घासायची."

आमच्या तालुक्यात भाजलेल्या तंबाखूच्या या काळ्या पुडीला तंबाखू म्हणतच नाहीत. ती टूथपेस्टच्या जातीतली समजली जाते. कावेरीने मनापासून खरंच सांगितलं होतं. मॅडमनी तिथल्या तिथे ऑपरेशन रद्द केलं. मी चक्क भांडले. मोठ्या मुश्किलीने घरचे तयार झाले आहेत, ही संधी पुन्हा येणार नाही, असं नाही नाही ते बोलले.

"मिश्रीने जखमेला रक्त पुरत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आज केलं आणि कातडी काळी पडली, तर या पोरीला तोंड कोण दाखवणार? तुम्ही की मी?"

त्या दिवसापासून मॅडम तंबाखूचं नाव काढत नाहीत. "सकाळी दात कशाने घासता?" एवढंच विचारतात. पण कावेरीचं काय? त्या सकाळी ती भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि गयाबाई तिला म्हणत होत्या, "देवालाच मंजूर न्हाई. आता मंग पुन्हा नाव काढायचं न्हाई, सांगून ठेवते."

पुढच्या चतुर्थीला कावेरी आली नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "चला धावड्याला."

गयाबाईंनी चहा दिला, पण बोलायचं ते बोलल्याच. "बाई, देवानं दिलेलं कापून टाकायचं का? तुमच्या घरच्या सुनेला सांगताल का असं?"

"सून यायची आहे अजून," मॅडम म्हणाल्या. "पण मी माझं करून घेतलंय."

"काय बोलून राह्यल्या, बाई!" गयाबाईंचा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं एका गाडीने हिंडलो, एका डब्यात जेवलो, आणि मला याचा पत्ता नव्हता! मॅडम उठल्या, गयाबाईंचा हात धरून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर मी आणि कावेरी त्या दाराकडे खुळ्यासारख्या पाहत राहिलो. आत काय बोलणं झालं, काय दाखवलं, ते त्या दोघींनाच ठाऊक. बाहेर येताच गयाबाईंनी कोनाड्यातला मिश्रीचा डबा उचलला आणि उकिरड्यावर रिकामा केला. "घरात दिसली की ही लावणार. मी बी सोडते," म्हणाल्या.

परतताना मी रुसूनच विचारलं, "मला कधीच का नाही सांगितलंत?"

"वेळ आली नव्हती. ऑपरेशन कसं करायचं ते कॉलेजात शिकले. बाईला आधी काय काय सांगायला हवं, ते टेबलावर पडल्यावर कळलं."

हे इथे छापू का, असं मी मॅडमना विचारलं होतं. "छापायचंच असेल तर तेवढंच छापा," असं उत्तर मिळालं.

हिरड्या स्वच्छ झाल्यावर कावेरीचं ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासायला गेला, निर्धोक निघाला. एका बाजूची संवेदना गेली ती गेलीच. "तुम्ही म्हन्ल्या व्हत्या, बराबर तसंच झालं," असं ती कुरकुर न करता सांगते. पुढच्या हंगामात ती सूर्य मावळेपर्यंत कापूस वेचून आली.

गेल्या चतुर्थीला गयाबाई एकट्याच आल्या. सगळ्या बायका जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिल्या. मग पदर नीट करीत, जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाई, सून कण्हायची तवा मी म्हनायची, बायकाच्या जातीला हे असतंच. मला बी हे ओझं लगीन झाल्यापून हाय. कुनाला सांगावं, ठाव नव्हतं. आता माझं वय निघून गेलं का?"

मॅडमनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "मी साठीला आले, गयाबाई. माझं कुठे निघून गेलंय? आधी साखर बघू, बीपी बघू, मॅमोग्राफी करू. मग ठरवू."

मॅडम, साठीनंतर माणसाने विसावा घ्यावा म्हणतात. आम्ही तो आपल्याला देणार नाही, याबद्दल क्षमा असावी. आपले हात स्थिर राहोत, नजर तीक्ष्ण राहो आणि जीभ आहे तशीच आगाऊ राहो. गयाबाईंच्या तपासण्या या आठवड्यात आहेत, आणि बायकांच्या जातीला हे असतंच म्हणून गप्प बसलेल्या आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जणींनी अजून तोंडच उघडलेलं नाही. त्या सगळ्या बोलत्या होईपर्यंत आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो.