अण्णांना सोसेल अशी गोळी

बिदरच्या एका बंदुकीच्या दुकानात मी अठरा वर्षं काउंटरला उभा आहे. झाडलेल्या गोळीचं रिकामं नळकांडंसुद्धा इथं रजिस्टरला लिहावं लागतं. किश्श्यांना मात्र रजिस्टर नाही, त्यामुळे ते साठतच गेले. मित्रांना वाटतं, आमच्याकडे डाकू येत असतील. डाकू कुठले! येतात ते तालुक्यातले सभ्य गृहस्थ, बायकोला विचारून.

आमचे मालक म्हणजे अप्पा. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून दुकान उघडतात. अंडंसुद्धा खात नाहीत. दिवाळीत गल्लीत फटाके सुरू झाले की कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात.

एकदा एका गिऱ्हाइकानं त्यांना तसं पाहिलं. "काय हो अप्पा, बंदुका इकता अन् लवंगी फटाक्याला भ्यायलाव?"

अप्पा म्हणाले, "फटाक्याला लायसन लागत न्हाई रे! ते कुणाच्या बी हातात असतंय!"

*

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. नेम कसा आहे हे कुणी विचारत नाही. "आवाज किती येतोय?"

रिव्हॉल्व्हर बावीस बोअरचं घ्यायचं की बत्तीसचं, इथं सगळी गाडी अडते. बावीसची गोळी लहान. हाताला त्रास नाही, पण जोरही बेताचा. बत्तीसला जोर आहे, तसा हाताला दणकाही आहे. दुकानामागं वाळूच्या पोत्यांची भिंत रचून गोळी झाडून बघायला परवानगीची जागा केलेली आहे, तिथं माणसाचं खरं रूप कळतं.

मुडबीचा एक पैलवान आला होता. मान अशी की कॉलरचं बटण लागत नव्हतं. बावीसकडे बघून हसला. "हे लेकराला द्या."

बत्तीसची एकच गोळी झाडली. मग रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांवर प्रसादासारखं धरून परत आणलं आणि हळूच म्हणाला, "ते लेकराचं दावा बरं जरा."

*

माणूस दणक्याला किती भितो, हे ओळखायची अप्पांची एक युक्ती आहे. सहा गोळ्यांत एक डमी घालायची. दिसायला तशीच, पण आत बारूद नाही. घोडा ओढला की नुसतं टक् होतं. न भिणाऱ्याचा हात जागचा हलत नाही. भिणारा मात्र उगीचच उडतो, आणि त्याची भीती त्यालाच दिसते. मग अप्पा त्याला शिकवायला घेतात.

जनवाड्याचे एक सिक्युरिटी गार्ड होते, मिशा भरघोस. पहिली गोळी खरी होती, तिला ते बरे उभे राहिले. दुसरी डमी होती, तिला टोपी पडली!

अप्पांनी विचारलं, "गोळी तर सुटलीच न्हाई, मग कामून उडलाव?"

"सुटली असती तर?" गार्ड म्हणाले.

*

आता वीरभद्रप्पा अण्णा. औराद भागातले, ऊस आणि तूर करणारे, मनानं सोन्यासारखे. पण समोरच्या घरातल्या चुलतभावाकडे बत्तीसचं रिव्हॉल्व्हर होतं. खंडेनवमीला चुलतभाऊ ते पाटावर मांडून पूजा करायचा आणि अण्णा आपल्या ओसरीत विळ्याची पूजा करायचे. हे अण्णांना सहन होईना. सहा वर्षं तहसील, पोलीस ठाणं आणि डीसी ऑफिस, म्हणजे कलेक्टर कचेरी, यांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी लायसन मिळवलं. त्याची एक अट होती. ठरलेल्या मुदतीत हत्यार घ्यायचं, नाहीतर लायसन रद्द!

अण्णा रोज यायचे, बाकावर बसायचे, चहा प्यायचे आणि ठरवायचे नाहीत. सहा वर्षांचे कष्ट डोळ्यांदेखत वाया चालले होते आणि माझाच जीव खालीवर होत होता.

बावीस झाडून बघितली आणि म्हणाले, "ह्यानं उंदीर तरी मरंल का? भावकी हसंल की मला."

बत्तीस झाडायच्या वेळी डोळे गच्च मिटले. गोळी पोत्यांच्या वरच्या काठावर, चष्मा खाली आणि मनगट लचकलेलं! दुसऱ्या दिवशी गळ्यात हात अडकवून आले ते त्यांच्या बायकोबरोबर. शरणम्मा अक्का शांत बाई, पण त्या दिवशी तापल्या होत्या.

"अप्पा, जेवायलेत माझ्या हातानं. तुमी ह्यांना असलं कायतरी द्या, जे ह्यांना बी मारणार न्हाई अन् दुसऱ्याला बी!"

अप्पा अण्णांना म्हणाले, "जी गोळी परत झाडायची भीती वाटत न्हाई, ती आपली गोळी. भावकीची गोळी भावकीला."

अण्णांनी मान हलवली. पण डोळे बत्तीसच्या कपाटाकडेच होते.

*

मध्येच दसरा आला. दसऱ्यानंतर तो चुलतभाऊच तोंड पाडून दुकानात हजर! त्याच्या सूनबाईनं खंडेनवमीला रिव्हॉल्व्हरबरोबर गोळ्यांच्या डब्यालाही पंचामृतानं स्नान घातलं होतं. दूध, मध, साखर, सगळं यथासांग!

त्यानं डबा काउंटरवर उघडला. गोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"हे बदलून मिळतंय का?" त्यानं विचारलं.

अठरा वर्षांत मला हसू आवरलं नाही, ती हीच वेळ. बाकावरून अण्णांनी त्या दिवशी सगळ्या दुकानाला चहा पाजला, चुलतभावाला दोनदा.

*

शेवटचा दिवस शनिवारचा. संध्याकाळी दुकान बंद झालं की अण्णांचं लायसन गेलं. अण्णा सकाळीच आले, अक्काही आल्या. मनगट बरं झालं होतं, पण निर्णय तिथंच अडला होता.

अप्पांना आता शिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एक डमी पुरणार नाही म्हणून त्यांनी बत्तीसमध्ये सहाच्या सहा डमी भरल्या. अण्णांना त्यांची भीती एकदा दाखवायची, मग समजावून सांगायचं, असा बेत होता.

"ही येगळी हाय का?" अण्णांनी विचारलं.

"गोळी येगळी हाय," अप्पा म्हणाले. खोटं ते बोलत नाहीत.

अण्णांनी कानाला आवाज अडवणारे मफ लावले, डोळे मिटले आणि घोडा ओढला.

टक्.

अण्णांचे दोन्ही हात वर गेले. खांदा मागं गेला. ते दोन पावलं मागं आले, सावरले आणि डोळे उघडून नळीवर फुंकर मारली.

"आता बसला बघा दणका!" मफमुळे ते ओरडूनच बोलत होते. "पावर बी हाय, अन् सोसतंय बी! परत झाडू का?"

कुणाच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी उरलेल्या पाचही झाडल्या. प्रत्येक वेळी थोडं कमी मागं आले. सहाव्याला तर जागचे हललेच नाहीत. मग मफ काढले. चेहरा असा उजळला होता की मला भरून आलं.

"अप्पा, हिची भीती वाटंना. हीच माझी गोळी. लिवा रजिस्टरला!"

अप्पांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अक्का पुढं आल्या. त्यांनी रिव्हॉल्व्हरमधून काढलेली एक गोळी उचलली, बोटांत फिरवून नीट बघितली आणि अप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"हीच द्या, अप्पा. ह्यांना जलमभर पुरतील येवढ्या."

"जलमभर?" अण्णा हरखून म्हणाले. "कितीक लागतील गं?"

अक्का म्हणाल्या, "सहा."