दुसऱ्यांदा दिलेली पावडर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात — असं स्वतःला समजावत बारा वर्षं काढली. एका बरणीतल्या पावडरची तर गोष्ट. पण तेवढंच असतं, तर सुजाताचं नाव निघालं की मी विषय का बदलतो?

आम्ही दोघं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. मी कर्वेनगरचा, घरचा डबा खाणारा. ती चंद्रपूरहून आलेली, वारज्यात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. काम आमचं भट्टीच्या उष्णतेतही न वाकणाऱ्या पोलादाचं. ते वितळवून ओतत नाहीत. लोखंड, क्रोमियम आणि एका ऑक्साइडची पावडर पोलादी गोळ्यांच्या गिरणीत तासन्‌तास दळतात, मग डब्यात भरून, आतली हवा काढून, तापवून, दाबून तिची सलग कांडी करतात. दळण माझ्याकडे, पुढचं सगळं सुजाताकडे.

दळताना पावडर भांड्याला आणि गोळ्यांना चिकटते. चिकटू नये म्हणून थोडं स्टिअरिक ॲसिड घालायचं — मेणासारखी पांढरी भुकटी. पोळी लाटताना पिठी लावतो ना, तसं. पण बेतानंच. त्यात कार्बन असतो. जास्त झाला तर तो पोलादात उतरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पुस्तकी का होईना, माहीत होतं.

त्या शनिवारी भांडं खरवडून खरवडून माझी बोटं सोलली होती. दुपारी मित्रांबरोबर खडकवासल्याला जायचं ठरलं होतं. मी भुकटी तिप्पट घातली — आणि वहीत नेहमीचाच आकडा लिहिला. पावडर सुरेख सुटली, कणभरही चिकटली नाही. मी खूश होतो — हेही सांगायला हवं.

सुजातानं तिची कांडी केली. चाचणीच्या यंत्रात ती ताणली न जाता खडूसारखी तुटली. सर म्हणाले, डब्यातली हवा नीट काढली नसणार, घाई केली असणार. तिनं वही पुढे केली: वेळ, तापमान, सगळं लिहिलेलं. सर अस्सल पुणेरी. "वहीत काय, काहीही लिहिता येतं," एवढंच म्हणाले. ते वाक्य तिच्यासाठी होतं — आणि मी शेजारी उभा होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. पण खरी गोष्ट तीही नाही — ती पुढची आहे.

सरांनी तिला आणखी एक संधी दिली. ती माझ्याकडे आली. "उरलीय ना रे तुझ्याकडे पावडर? या वेळी डबा दुप्पट वेळ तापवते." मी नवं दळण घालू शकत होतो, तीन दिवस लागले असते. पण नवी कांडी चांगली निघाली असती, तर पहिली का तुटली, हा प्रश्न कधी ना कधी माझ्याकडे वळला असता. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि मी तीच बरणी तिच्या हातात दिली.

तिनं मला शेजारी बसवून घेतलं. प्रत्येक आकडा मला दाखवून लिहिला — साक्षीदार म्हणून. तीही कांडी तुटली. सरांनी मला विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो? "नीटच केलं होतं, सर... मी पाहिलं तोवर तरी." कुणी मागितली होती ती पुस्ती?

तिची पीएचडीची मुदत वाढली नाही. ती प्रयोगशाळा सोडून गेली.

आणि मी? मी तोच विषय घेतला. दळताना काय, किती घातलं की पोलाद बिघडतं, ते पायरीपायरीनं मोजलं, आलेख काढले, पदवी मिळवली. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, हे सुचलं कसं? म्हणालो, वाचता वाचता.

गेल्या वर्षी एका कारखान्यात व्याख्यानाला गेलो, तर तिथली तपासणी प्रयोगशाळा सुजाता सांभाळत होती. व्याख्यान संपल्यावर जवळ आली. "तुझा आलेख पाहिला. शेवटचा बिंदू आहे ना, तिप्पट भुकटीचा, माझ्या कांड्या बरोबर तिथेच तुटायच्या." मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. अजूनही भट्टीचं दार मी एकटी लावत नाही. कुणाला तरी बघायला उभं करते."

मी म्हणालो, "अगं, योगायोग."

तिला कळलं होतं का? माहीत नाही. "चल, चहा घेऊ," म्हणाली. आम्ही चहा घेतला. तिच्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

पहिली कांडी माझ्या आळसानं तुटली. दुसरी मी जाणूनबुजून तुटू दिली. सुजाताचं काम चोख होतं — आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.