सासूबाईंची पकडलेली चोरी

बाविसाव्या वर्षी मी फारच हुशार होते. मोठ्या तापातून उठल्यापासून सासूबाई सकाळचं दुपारी विसरत. मला वाटलं, सुनेला राबवायचं सोंग. मग मी सापळा लावला. कागदावर पाच शब्द लिहून त्यांच्याकडून वाचून घेतले, कागद लपवला. तासाभरानं विचारलं तर म्हणाल्या, "कसला कागद?" मी नुसती पहिली अक्षरं सांगितली, म्हटलं, सुचेल तो शब्द बोला. पाचही तेच आले. चोरी पकडली म्हणून मी घरभर नाचले.

यंदा मला एन्सेफलायटिस झाला, म्हणजे मेंदूला सूज. कुंभकोणमच्या दवाखान्यात अकरा दिवस होते म्हणे. मला एकही आठवत नाही. सुनेच्या वहीत बघून लिहिते आहे.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दहा तमिळ शब्द वाचायला दिले. थोड्या वेळानं मी त्यांनाच सुनावलं, तुम्ही काही दिलंच नाही. मग त्यांनी पहिली अक्षरं दाखवली. नऊ शब्द धडाधड आले.

मुलगा म्हणाला, "अम्मा, नाटक करतेस का?"

वारसा कुठून आला, ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एक्सप्लिसिट मेमरी, म्हणजे आपल्याला आठवतंय हे ठाऊक असलेली आठवण, ती दुखावली आहे. इम्प्लिसिट मेमरी आपल्याला न सांगता काम करते. ती शाबूत आहे. तिलाच कामाला लावू.

मुलानं मला चेन्नईला न्यायचं ठरवलं होतं. सुजेनंतर फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी चुकली, किंवा दोनदा घेतली, तर? त्याचंही खरं होतं. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. एक महिना मागून घेतला.

वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी कॉफीच्या फिल्टरवर ठेवली. डबी उचलल्याशिवाय कॉफी नाही. सून शेजारी उभी राही, हात चुकायच्या आत धरी. रोज तेच, त्याच जागी. चौथ्या आठवड्यात तिनं हात धरलाच नाही.

महिना संपला त्या मंगळवारी मुलानं विचारलं, गोळी घेतलीस? मी म्हटलं, आठवत नाही, डबी बघ. मंगळवारचा खण रिकामा होता. तो आणि सून चेन्नईला गेले. माझी पेटी इथेच राहिली.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर परीक्षा घेऊ नका. हाताला सवय लावा, धीर धरा.

जुनं मात्र मला लख्ख आठवतं. मी नाचत होते तेव्हा सासूबाई चिंच कोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला खरंच ठाऊक नाही गे. माझ्या जिभेला ठाऊक दिसतं. तिला विचारत जा, मला रडवू नको."