तगरीची दोन फुलं

आज देवपूजेसाठी सहाणेवर चंदन उगाळताना त्याचा वास आला आणि मंगळवार पेठेतल्या याच खोलीतली ती सकाळ आठवली. दादाला स्कीइंगला जायचं होतं. "औलीचा उतार लांब हाय, पण गुलमर्गचा बर्फ भारी हाय," असं त्याचं आठवडाभर चाललेलं. शेवटी आई म्हणाली, "कौल लावूया." तिनं देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी तगरीचं एकेक फूल गंधानं चिकटवलं. उजवं पडलं तर औली, डावं पडलं तर गुलमर्ग. आम्ही कितीतरी वेळ बघत बसलो, पण एकही फूल हललं नाही.

"देवाच्या मनात न्हाय बाळा, ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

दादानं हसत पंखा लावला. उजवं फूल टपकन पडलं. "मिळाला की कौल!"

औलीच्या उतारावर पडलेला दादा तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे.

"आई, गंध पातळ झालं. फूल चिकटत नाही," मी आज म्हटलं.

"कौलाला असंच लागतंय," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी मुद्दाम घट्ट केलतं."

मागून दादाचा आवाज आला, "उकडतंय की! पंखा लावा कुणीतरी."

आम्ही दोघीही जागच्या हललो नाही.