एक इंच जास्तीचा

टेलरबाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवीन कपडे शिवायला तिथे फारसं कुणी येत नसे. येत ते जुन्याचं कमीजास्त करून घ्यायला. चेन बदला, बाही आखूड करा, कंबर जरा सैल करा. लोकांची पोटं सुटायची आणि कंबरेचा काटा ढिला व्हायचा बाईंचा. संध्याकाळी मशीन बंद करून पाय लांब करावेत, तर नेमकी तेव्हाच गुंडीची शाळा सुरू व्हायची.

गुंडी ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. रांगत असताना शर्टाची गुंडी तोंडात घालून तिने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता, तेव्हापासून तेच नाव पडलं. आई गेल्यावर ती आत्याकडेच वाढली. बाप दूरच्या गावी नोकरीला. आता त्याच्या घराजवळ एक चांगली शाळा निघाली होती. प्रवेशाआधी तिथल्या बाई मुलांपुढे वस्तू मांडायच्या आणि मूल त्यांचं काय करतं ते बघायच्या. त्यात गुंडी पास झाली तर बापाकडे जाणार, नाही तर अजून वर्षभर आत्याकडे राहणार. तयारी करून घ्यायचं काम भावाने फोनवर ताईच्याच गळ्यात टाकलं. तुझ्याशिवाय कोण करणार, म्हणाला. आपणच शिकवायचं आणि आपणच पाठवून द्यायचं, असलं काम बाईंनी काही मागून घेतलं नव्हतं.

पुस्तक उघडलं की बाईंच्याच डोळ्यांवर झापड यायची. म्हणून मग त्यांनी दुकानच पुढे ओढलं. बटणांचा डबा पालथा केला की गणित. चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे, आता सगळी भोकं मिळून किती ते सांग. दोऱ्याचं टोक टेबलावर वळवून अक्षरं. सुती, रेशमी आणि रेनकोटाच्या चिंध्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून कोण पितं नि कोण पीत नाही ते बघायचं. कापायच्या टेबलावर खडूने गल्ली काढायची, घरं म्हणून रिळं ठेवायची आणि शेजारच्या न्हाव्याकडून दूधवाल्याकडे कसं जायचं ते बोटाने चालून दाखवायचं. दुरुस्तीला आलेला कोट उलटा करून आधी तो कुणाच्या अंगावर असेल, नंतर कुणासाठी लहान करून घेतला असेल, हे टाक्यांवरून ओळखणं म्हणजे इतिहास. त्यात गुंडी इतकी रंगायची की कोटाच्या मालकाला एकदा अर्धा तास ताटकळावं लागलं.

मध्येच बाईंना बसल्या जागी डुलकी लागायची. गुंडी त्यांना हलवून उठवायची आणि पुढचा प्रश्न विचार म्हणायची. पोरीचा उत्साह बघून बाईंना कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा.

मोजमाप त्यांनी शेवटी घेतलं. टेप तर गुंडी बोलायला लागली तेव्हापासून हाताळत होती, त्यात शिकवायचं काय? त्यांनी तिला लाकडी रुळाचा तुकडा मोजायला दिला. ती सहा इंच म्हणाली. होता पाच. खोकं दहाचं, तिने अकरा सांगितलं. टेप सरकली असेल म्हणून बाईंनी पुन्हा मोजायला लावलं, तर पुन्हा अकरा. शेवटी त्यांनी विचारलं, असं कसं गं? गुंडीने त्यांच्याकडे, हिला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने पाहिलं.

"शिलाईत जातो ना एक इंच."

बाईंना खदखदून हसू आलं. माप घेताना एक इंच जास्तीचा धर, हे बाई दिवसभर स्वतःशीच पुटपुटायच्या आणि पोरगी शेजारी बसून ऐकायची. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. तिकडे मोजायला नक्की सांगतात, असं भाऊ म्हणाला होता. पोरगी प्रत्येक माप चुकणार. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. त्या दिवशी त्या गप्प बसल्या, आणि तिला जेवायला वाढताना एक घास जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची पँट देताना त्यांचा हात थांबला. एक पाय किंचित आखूड झाला होता. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. बाईंनी ती परत घेतली, उद्या या म्हणाल्या, आणि स्वतःवरच चडफडत शिवण उसवायला बसल्या. संध्याकाळी त्यांनी गुंडीला टेप घेऊन समोर बसवलं. कापड असेल तर जास्तीचा इंच धरायचा, बाकी सगळं जेवढ्यास तेवढं. सवय मोडता मोडता दोघींच्या नाकी नऊ आले.

प्रवेशाच्या दिवशी बाप येऊन गुंडीला घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. पास झाली, आणि मापं तर अगदी बिनचूक सांगितली म्हणून तिथल्या बाई खूश आहेत. ताई, सगळं तुझ्यामुळे, म्हणाला. बाईंनी बरं म्हटलं. फोन ठेवून त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

शाळा सुरू होईपर्यंत बाप गुंडीला परत आत्याकडे सोडून गेला. जायच्या आदल्या दिवशी बाई तिचा गणवेश शिवत होत्या. गुंडी फ्रॉकची आतली बाजू चाचपत होती.

"आत्या, आत एवढं कापड कशाला दुमडलंस?"

तू वाढशील तसं सोडता यावं म्हणून, असं बाईंनी सांगितलं. तिथला कुणीही टेलर सोडून देईल.

"मग मी किती वाढले ते तुला कसं कळणार?"

मशीन थांबलं. बाईंनी गळ्यातली टेप काढून तिच्या गळ्यात घातली. महिन्याच्या महिन्याला बाबाकडून मोजून घे आणि मला फोनवर सांग, म्हणाल्या.

गुंडीने टेपेचं टोक चिमटीत धरून जरा विचार केला. "तुला सांगताना एक इंच जास्तीचा धरू का?"

"नको. तू नेमकं सांग," बाई म्हणाल्या. "जास्तीचा धरायला मी आहे."

कॉलर अजून लावायची राहिली होती. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.